अर्जात नसलेली अट

खानदेशात 'पीए' म्हटलं की आधी आमदारांचा पीए डोळ्यांपुढे येतो. निवेदन घेणारा, भेटीची वेळ देणारा. त्यामुळे बारावी झालेली मुलगी 'मला पीए करायचंय' म्हणाली की घरात थोडा वेळ कुणालाच काही उमगत नाही. ती फिजिशियन असिस्टंटबद्दल बोलत असते. याच कामाला आता फिजिशियन असोसिएट असंही म्हणतात. मेमध्ये बारावीचा आणि जूनमध्ये नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसचं गणित जमत नाही असं कळतं, आणि मग बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फार्मसी असं एकेक नाव घेता घेता कुणीतरी हे नाव काढतं. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये हा अभ्यासक्रम केलेलं माणूस सहज भेटत नाही, म्हणून पहिली माहिती बहुधा एजंटाकडूनच मिळते. गडबड तिथूनच सुरू होते.

आधी काम समजून घेऊ. पीए रुग्णाची हकीकत विचारून घेतो, त्याला तपासतो, केसपेपर लिहितो. राउंडला डॉक्टरांबरोबर असतो. रक्ताचे, एक्स-रेचे अहवाल एकत्र करून त्यांच्यापुढे ठेवतो, ऑपरेशनला हाताशी उभा राहतो, डिस्चार्ज कार्ड तयार करतो. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं. स्वतःच्या नावाची पाटी लावून दवाखाना टाकता येत नाही, स्वतःच्या अधिकारात औषधं लिहून देता येत नाहीत, नावामागे 'डॉक्टर' लागत नाही. 'डॉक्टरसारखंच असतं हो' असं म्हणणाऱ्याच्या टेबलावरून उठून यावं. अशा आशेवर प्रवेश घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी खचतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

या कामाचा उगम लक्षात घेतला तर प्रवेशाच्या अटींचा अर्थ लागतो. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली ती चौघांची. चौघेही नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते. जखमा बांधलेले, सुया दिलेले, माणसं हाताळलेले. १९६७ मध्ये त्यांतले तिघं उत्तीर्ण झाले. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे आला. दोन्हीकडचं काम एकाच जातकुळीचं असलं तरी दारं वेगळी आहेत. अमेरिकेत आजही आधी विचारतात, तू रुग्णांबरोबर किती तास घालवलेस? आपल्याकडे बारावीचे गुण विचारतात, रुग्ण नंतर भेटतो. म्हणजे मूल या कामात टिकेल की नाही हे सांगणारा प्रश्न आपल्या अर्जात नाहीच. तो घरच्यांनी विचारायचा असतो. त्याकडे पुढे येतोच, आधी कागदावरच्या अटी पाहू.

बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण, इंग्रजीतही उत्तीर्ण, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण. बहुतेक विद्यापीठांची अट याच घडणीची असते. गुणांची मर्यादा कुठे ५० टक्के, कुठे ४५, राखीव प्रवर्गाला बऱ्याच ठिकाणी ४०. ही टक्केवारी तीन विषयांची असते, एकूण निकालाची नव्हे, आणि सर्वाधिक अर्ज इथेच अडतात. आपल्या मंडळात प्रत्येक विज्ञान विषय ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक असा १०० गुणांचा, म्हणजे तिन्ही मिळून ३००. पन्नास टक्के म्हणजे १५०, पंचेचाळीस म्हणजे १३५, चाळीस म्हणजे १२०. समजा भौतिकशास्त्रात ३८, रसायनशास्त्रात ४५, जीवशास्त्रात ५८. बेरीज १४१, म्हणजे ४७ टक्के. मराठी, इंग्रजी आणि इतर विषयांनी एकूण निकाल ६२ टक्क्यांवर नेला असेल, पण पन्नासची अट असलेल्या कॉलेजात हा अर्ज बाद होतो आणि पंचेचाळीसच्या कॉलेजात चालतो. निकालाच्या दिवशीच ही बेरीज करून गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

गणित ठेवून जीवशास्त्र सोडलेल्यांना हा रस्ता बंद आहे. जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून दिलं असेल, तर ते चालेल का हे विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरच्या 'हो, चालतं'ला कागदपत्रांच्या पडताळणीत काही किंमत नसते.

नीटबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. पीएचे प्रवेश कुठे बारावीच्या गुणांवर होतात, कुठे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर. पण नीटचा अर्ज भरायचा असतो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, बारावीच्या परीक्षेच्या ऐन गर्दीत. 'आपल्याला कुठे एमबीबीएस मिळणार आहे' म्हणून जे अर्जच भरत नाहीत, त्यांच्या हातून नीटचे गुण मागणारी सगळी दारं एकदम जातात. परीक्षा देऊन ठेवावी. गुण कमी पडले तर काही बिघडत नाही, परीक्षाच दिली नसेल तर मात्र पुढचं वर्ष उजाडेपर्यंत इलाज नाही.

आता कायदा. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा २०२१ चा कायदा. त्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएट हा व्यवसाय आहे. या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं, अशी व्याख्या केली आहे. या एका आकड्याचा उपयोग पालकांना गज म्हणून करता येतो. गावात 'डॉक्टर असिस्टंट', 'मेडिकल असिस्टंट', 'हॉस्पिटल असिस्टंट' अशा नावांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स असतात आणि पत्रकावर 'पीए' मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. रोज आठ तास, वर्षाला २८० दिवस शिकवलं तरी २२४० तासच होतात. म्हणजे एका वर्षाचा कोर्स ही पदवी असूच शकत नाही. दवाखान्यात मदतनीस म्हणून काम शिकायला तो उपयोगी पडेलही, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याची फी पदवीच्या भावाने देऊ नये.

खरा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा असतो. तमिळनाडूच्या डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाची बीएस्सी पीए याच धर्तीची आहे. २०२५ मध्ये केंद्राने दहा आरोग्य व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत फिजिशियन असोसिएटही आहे. म्हणून माहितीपुस्तिका त्याच वर्षीची हवी. मावसभावाने दोन वर्षांपूर्वी वापरलेली नको. आणि या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. 'घरबसल्या पीए, फक्त परीक्षेला या' असं कुणी सांगितलं तर बोलणं तिथेच संपवावं.

खानदेशातली मुलं या शिक्षणासाठी बहुधा बाहेर जातात. पुणे, मुंबई, नाहीतर थेट दक्षिणेत. नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत चेन्नईला पोचवते, त्यामुळे अंतराची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. कागदांची भीती मात्र बाळगावी. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, आणि दक्षिणेतल्या अर्जात नाव आणि आद्याक्षरं अशी रचना. एकाच मुलीची तीन नावं तयार होतात आणि पडताळणीला बसलेल्या माणसाला त्या तीन मुली वाटतात. सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने लिहायचं. आधार त्याप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्यायचं. 'चौधरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर चार वर्षांनी नोंदणीच्या वेळी पुन्हा आडवं येतं.

दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठाला मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, त्यामुळे ते तिथून मागवावं लागतं. काही विद्यापीठं त्यावर स्वतःचं पात्रता प्रमाणपत्रही काढायला लावतात, त्याची फी आणि मुदत वेगळी असते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकदाच मिळतो. कॉलेजात जमा करण्यापूर्वी त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात. नीटसाठी एखादं वर्ष घरी काढलं असेल तर त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. शिवाय अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि नोंदणीकृत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.

जातीच्या दाखल्याबाबत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. महाराष्ट्राचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागांसाठी चालत नाही. शहादा किंवा अक्कलकुव्याच्या मुलाला चेन्नईत तिथल्या राज्य कोट्यातली जागा मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे. महाराष्ट्रातच प्रवेश घ्यायचा असेल तर दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्याला महिने लागतात. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव जात पडताळणी समितीकडे जायला हवा. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये तो हातात असतो आणि जूनमध्ये निरुपयोगी ठरतो, ही चूक दरवर्षी होते.

पैशाचं वेळापत्रक इथे शेतीच्या उलटं आहे. फी भरायची जून-जुलैत, म्हणजे कपाशीचं बियाणं आणि खत घेऊन हात रिकामा झालेला असतो तेव्हा. कापूस घरात येतो दिवाळीच्या आगेमागे. म्हणून फी हप्त्यांत घेतात का, दुसरा हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरात चालेल का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं. विचारण्यात लाज कसली. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय आणि स्वतःचा वाटा न घालता मिळतं, केंद्राच्या हमी योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण बँक आधी अभ्यासक्रमाची मान्यता पाहते. कर्ज नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा. कधी कधी कॉलेजबद्दलची खरी माहिती त्या एका ओळीत सापडते. शिष्यवृत्तीच्या अनेक योजनांना केंद्रीभूत फेरीतून झालेला प्रवेशच चालतो, व्यवस्थापन कोट्याची जागा घेताना ते गृहीत धरायला हवं.

आणि जागा सोडावी लागली तर? विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडली तर प्रक्रिया खर्च वजा जाता पूर्ण फी परत मिळायला हवी. त्यानंतर पण शेवटच्या तारखेपर्यंत सोडली तर ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८०, पुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५०, नंतर काही नाही. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला त्याच अधिसूचनेने मनाई केली आहे. मूळ कागद दाखवायचे, पडताळणी झाली की परत घ्यायचे, आणि कुठे ठेवावेच लागले तर पोच घ्यायची.

एक गोष्ट अर्जाच्या कागदांत शेवटी लिहिलेली असते आणि सर्वांत आधी करायची असते. कावीळ बी ची लस. तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. वॉर्डात सुई टोचणं, रक्त अंगावर उडणं हे होणारच. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करतात, पातळी १० च्या वर हवी. हे सगळं सात-आठ महिन्यांचं काम आहे. जूनमध्ये पहिला डोस घेणारा मुलगा डिसेंबरपर्यंत अर्धवट संरक्षणावर वॉर्डात फिरतो. बारावीच्या दिवाळीत सुरुवात केली तर प्रवेशापर्यंत तिन्ही डोस होतात. बाळपणी लस झाली असेल तर कार्ड शोधून ठेवा.

आता अर्जात नसलेली अट. मुलाने बारावीनंतरच्या सुटीत दोन आठवडे तरी दवाखाना पाहावा. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर घरचे डॉक्टर. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांना साधा अर्ज द्यायचा: नाव, वय, बारावीचा बैठक क्रमांक, किती दिवस, फक्त निरीक्षण. रुग्णाला हात लावायचा नाही, मोबाइल खिशातून काढायचा नाही, ऐकलेलं गावात बोलायचं नाही. सकाळी केसपेपर काढण्याच्या खिडकीजवळ उभं राहायचं, मग ओपीडी, मग ड्रेसिंगची खोली. जमलं तर अपघात विभागात एक रात्र, सोबत घरचं मोठं माणूस असेल तरच. एप्रिल-मेमध्ये उन्हाने कोसळलेली माणसं येतात, पावसाळ्यात सर्पदंश, कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. सातपुड्याच्या बाजूला सिकलसेलच्या वेदनेने कळवळणारी मुलं. रक्त पाहून पहिल्या दिवशी चक्कर आली तर त्यात विशेष काही नाही, ती जाते. दहाव्या दिवशीही माणसाच्या दुखण्यापेक्षा घड्याळाकडेच लक्ष जात असेल, तर त्यावर घरी शांतपणे बोलायला हवं.

पीएचं खरं कसब हकीकत विचारण्यात आहे, आणि या बाबतीत खानदेशातलं मूल मुळातच श्रीमंत आहे. म्हातारी 'छातीमा दुखस, जीव घाबरा व्हस' म्हणते तेव्हा तिला अहिराणीतच विचारावं लागतं: कधीपासून, किती वेळ टिकतं, हाताकडे सरकतं का, घाम येतो का, चालल्यावर वाढतं का, बसल्यावर थांबतं का. आणि तिने सांगितलेलं आठ ओळींच्या इंग्रजीत केसपेपरवर उतरवावं लागतं. रोज संध्याकाळी घरातल्या एखाद्या माणसाची अशी हकीकत घेऊन आठ ओळी लिहायचा सराव करावा. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, अनियमित ठोका त्यात निसटतो. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, ती या सरावाने जाते. मुलाखत असेल तर बारावीच्या जीवशास्त्रातले श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग हे तीन धडे पक्के असावेत. 'नर्सिंग का नको?' हा प्रश्न हमखास येतो. नर्सिंगला कमी लेखणारं उत्तर दिलं तर मुलाखत तिथेच बिघडते. दोन्ही कामांतला फरक सांगावा आणि थांबावं.

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण नातेवाइकांच्या बोलण्यात ते येतंच. तिथे पीए होण्यासाठी आधी पदवी, मग साधारण सव्वादोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. अर्ज बहुतेक ठिकाणी कास्पा या सामाईक यंत्रणेतून जातो आणि दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस खुला होतो. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हे विषय पदवीत झालेले लागतात. चारपैकी किमान ३.० गुणसरासरी अनेक ठिकाणी मागतात. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास कुठे ५००, कुठे १००० किंवा त्याहून जास्त. शिफारसपत्रं बहुधा तीन, आणि ५००० अक्षरांत स्वतःची भूमिका. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि बरेच कार्यक्रम परदेशी पदवी तशीच्या तशी स्वीकारत नाहीत किंवा तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच घेतात. शेवटची पॅन्स ही ३०० प्रश्नांची परीक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त कार्यक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांना देता येते. इथली बीएस्सी पीए करून तिथे थेट पीए म्हणून काम करता येत नाही. कुणी तसं सांगून जास्त फी मागत असेल, तर ही ओळ त्याला वाचून दाखवावी.

प्रवेश नक्की करण्यापूर्वी एक दिवस कॉलेजचं रुग्णालय पाहायला ठेवा. इमारत पाहून निघून यायचं नाही. सकाळी दहा वाजता ओपीडीत किती माणसं बसली आहेत ते पाहा. ऑपरेशन थिएटरच्या फळ्यावर त्या दिवसाची यादी केवढी आहे? पीएच्या विद्यार्थ्यांची ड्युटी स्वतःच्या रुग्णालयात लागते की 'टाय-अप'च्या? असेल तर कुठल्या, आणि जायची सोय काय? एका वॉर्डात किती विद्यार्थी एकदम सोडतात? इंटर्नशिपला विद्यावेतन आहे का, की उलट पैसे भरायचे? ऑफिसमधली उत्तरं घ्या आणि मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. त्यांना लॉगबुक दाखवायला सांगा. कुठला विभाग, कुठल्या तारखा, कुठली कामं पाहिली, कुठली केली, आणि समोर डॉक्टरांच्या सह्या. सह्या वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या शाईच्या असतील तर निर्धास्त व्हा. सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत झालेल्या दिसल्या, तर मूळ कागदांची फाइल उघडू नका, तशीच काखेत घेऊन परतीची गाडी पकडा.